नऊ फेऱ्यांचे फोटो

१

"एकही नाही," रोहित म्हणाला. "सरिताताई, एकही फोटो उरलेला नाही."

शुक्रवार, सकाळचे साडेअकरा वाजत आले होते. महात्मा गांधी रोडवरच्या एका अरुंद गाळ्यात सरिता भामरे बावीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करत होती. लग्नाचे, सहलीचे फोटो पुसले गेलेले असे कितीतरी चेहरे तिनं काउंटरपलीकडे पाहिले होते. रोहित भोयेचा चेहरा त्यातलाच होता. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईचा मात्र नव्हता. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"बसा तुम्ही," सरिता तिला म्हणाली. "आणि तू, नीट पहिल्यापासून सांग."

ती हर्षाली दिवटे, येवल्याची विणकर. पाच महिने खपून तिनं घरच्या मागावर एक पैठणी विणली होती. ती 'सुवर्णधोटा' स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोहोचली आणि तिथेच माशी शिंकली. दिनेश सोनवणे या कारखानदारानं समितीला पत्र दिलं: ही साडी माझ्या कारखान्यात, माझ्या कारागिरांनी विणली, ही बाई आमच्याकडे कामाला होती, जाताना साडी उचलून घेऊन गेली. आज चार वाजता नाशकातच सुनावणी होती. विणकर मागावर बसलेला असतानाचे फोटो हवेत, असा स्पर्धेचा नियमच होता. ते रोहितनं काढले होते. सातपूरहून येवल्याला नऊ फेऱ्या मारून.

"फोटो नसले तर नुसती स्पर्धा जात नाही, ताई," हर्षाली पहिल्यांदाच बोलली. "मी चोर ठरते."

"कॉपी कुठे आहे?" सरितानं रोहितला विचारलं.

रोहितनं खांद्यावरची बॅग उगाच सारखी केली.

"शेवटी एकदम करणार होतो."

"वा! नऊ वेळा येवल्याला जायला वेळ होता, कॉपी करायला नव्हता. हे कार्ड असं झाल्यावर त्यावर नवा फोटो काढलास का?"

"एकच. तपासायला."

"आता कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पुसलेला फोटो लगेच जात नाही. कार्ड फक्त त्याची जागा मोकळी झाली असं लिहून ठेवतं. तिथे दुसरं काही येऊन बसलं, की मग तो खरा गेला." तिनं कार्ड बाहेर काढलं. काळ्या प्लास्टिकवर रोहितच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'हर्षाली – येवला'. "काल-परवा याच्या जवळ कोण आलं होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हर्षाली म्हणाली,

"दिनेशशेठ."

२

काल दसरा. संध्याकाळी दिनेशशेठ आपट्याची पानं घेऊन थेट रोहितच्या सातपूरच्या घरी, पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत आले होते. सोनं देऊन, गोड बोलून, खुर्चीत बसले. रोहित आत चहा सांगायला गेला. दहा मिनिटं ते एकटेच होते आणि कॅमेऱ्याची बॅग टेबलावर होती.

"तुझ्याकडे याआधी कधी आले होते का सोनं द्यायला?"

"कधीच नाही."

सरितानं कार्ड संगणकाला लावलं, हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम सुरू केला आणि तो चालू असताना दिनेशशेठना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"नमस्कार शेठ. रोहित भोयेच्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचं होतं."

"फोटो गेले ना त्याचे? अरेरे!" आवाज तुपात घोळलेला होता. "बिचाऱ्या हर्षालीबाई. असते तर आणले असते चार वाजता. नसलेले कुठून आणणार?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, गेले म्हणून?"

"नाशिक लहान गाव आहे हो, ताई." फोन बंद झाला.

हर्षालीनं गाठोडं मांडीवर ठेवलं. "रोहितनं आज सकाळी नऊला पाहिलं. मला दहाला सांगितलं. यांना कसं कळलं?"

"मी आणखी एकालाच बोललो," रोहित हळूच म्हणाला. "रवीला."

रवी रोहितकडे व्हिडिओ जोडायचं काम करायचा. स्टुडिओची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. सरितानं फोन लावला तेव्हा तो आधी अडखळला, मग भडकला.

"हो, मी बोललो शेठना! त्यांच्या जाहिरातीचं काम चालू आहे माझं. सकाळी सहज विचारलं त्यांनी, रोहितचं कसं काय, मी म्हटलं टेन्शनमध्ये आहे. म्हणजे मी चोर का?"

"तुला चोर कोण म्हणालं? परवा बुधवारी तू कुठे होतास?"

"दुपारी बाराला स्टुडिओत आलो. सायखेड्याच्या बारशाचं कार्ड उचललं आणि तिकडे देऊन आलो. रोहितला विचारा."

रोहितनं मान डोलावली. तेवढ्यात संगणकानं टुण् केलं. सरितानं पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसून पुन्हा घातला.

"रोहित," ती म्हणाली, "हे कार्ड कोणी पुसलेलं नाही."

३

पडद्यावर सापडलेल्या फायलींची रांग लागली होती. गुलाबाच्या फुलांवर 'शुभ सकाळ'. एक आरतीचं रेकॉर्डिंग. मेथीच्या लाडवांची कृती. एका म्हशीचे चार फोटो.

"माग कुठे आहे?" हर्षाली पुढे झुकली.

"नाही. पुसलेल्यातही नाही. पाच महिने एखाद्या कार्डावर हजारभर फोटो राहिले असतील, तर पुसल्यावर निदान तुकडे तरी सापडतात. इथे तुकडाही नाही. आणि हे बघा." तिनं एका फोल्डरवर बोट ठेवलं. "असलं फोल्डर कॅमेरा कधी करत नाही, त्यातलं दाखवतही नाही. कार्ड मोबाइलमध्ये घातलं की मोबाइल ते करतो. हे कोणाच्या तरी जुन्या फोनचं कार्ड आहे."

"पण चिठ्ठी माझी आहे!" रोहित ओरडलाच.

सरितानं कार्ड नखानं ओढलं. काळ्या प्लास्टिकच्या पोटातून नखाएवढा दुसरा तुकडा बाहेर आला.

"चिठ्ठी कशावर आहे? या बाहेरच्या जॅकेटवर. फोटो कशात असतात? या आतल्या इवल्याशा कार्डात. तू छोटी कार्डं जॅकेटमध्ये घालून वापरतोस ना?"

"मागावर टांगायच्या बारक्या कॅमेऱ्यात तेच बसतं म्हणून..." रोहित म्हणाला.

"कोणीतरी आतलं कार्ड बदललं आणि जॅकेट जिथल्या तिथे ठेवलं."

"शेठच!" हर्षाली म्हणाली. "दहा मिनिटं पुष्कळ झाली."

सरितानं कॅमेरा जवळ ओढला. तिनं तो चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसली: ३ जानेवारी, रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं.

"ही तारीख तू लावलीस?"

"नाही. सकाळी चालू केल्या केल्या कॅमेरा तारीख विचारत होता. मी घाईत पुढे गेलो."

"म्हणजे घड्याळ शून्यावर गेलं होतं. शून्यावर गेलं, की या कॅमेऱ्याचं घड्याळ एक जानेवारीच्या मध्यरात्रीपासून मोजायला लागतं. आत्ता अकरा चाळीस झालेत. एकोणपन्नास तास आणि दहा मिनिटं मागे जा."

रोहित मोबाइलवर हिशेब उघडेपर्यंत हर्षालीनं उत्तर दिलं. धागे मोजायची सवय होती तिला.

"बुधवार. सकाळी साडेदहा."

"आणि शेठ आले गुरुवारी संध्याकाळी. रवी आला बुधवारी बाराला." सरितानं कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण उघडलं आणि आत बोट दाखवलं. "आता मुद्द्याचं. नुसती बॅटरी काढली तर घड्याळ बंद पडत नाही. त्याचा वेगळा छोटा सेल असतो, इथे, एका पट्टीवर, झाकणाच्या आत. कोणीतरी तोही काढून परत बसवलाय. चोर हे कशाला करेल? त्याला कार्ड हवं असतं. ज्यानं हा सेल काढला, त्याला कॅमेऱ्यात जे जे निघतं ते सगळं काढायचं होतं. आणि सगळं परत नीट बसवायचंही होतं."

तिनं कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि छोट्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरून हलकेच फिरवली. कापूस पिवळा झाला, मग लाल. तिनं काडी नाकाशी नेली, मग रोहितच्या नाकाशी धरली.

"ओळख."

रोहितनं वास घेतला आणि तो स्टुलावर बसलाच.

"मशीन ऑइल," तो म्हणाला. "आणि हळद-कुंकू. बुधवारी खंडेनवमी होती, ताई. मी साडेनऊला झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो होतो. घरी फक्त आई आणि आबा होते."

४

रोहितचे आबा, गोटीराम भोये, पेठच्या डोंगरातून येऊन तेहतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लेथची पूजा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. पोराची गाडी दारात थांबलेली बघून ते उठले. मागून दोन बायका उतरल्या, तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली.

"आबा," सरिता ओट्यावर बसत म्हणाली, "खंडेनवमीची पूजा कशी केलीत, ते ऐकायला आलेय."

म्हातारा खुलला. "अशी पूजा कोणी करीत नाय आता! लोक वरून फूल टाकतात अन् झालं. आमच्या कारखान्यात असं नव्हतं. हत्यार उघडायचं, पुसायचं, एक थेंब तेल द्यायचं, हळद-कुंकू लावायचं, मग परत जुळवायचं. तशी केली. कॅमेरा, भिंगं, बॅटऱ्या, त्यो बारका सेलसुद्धा."

"आबा!" रोहितनं डोकं धरलं. "तेल? कॅमेऱ्याला?"

"एकच थेंब रे, फडक्यावर. चांगलं होतं ते."

"आणि कार्डं?" सरितानं विचारलं.

"तीही. तीन होती. नखानं ओढली तर आतून आणखी बारकी निघाली. म्हटलं, वा! पाटावर ओळीनं मांडली. तीन टोप्या, तीन डोकी."

"परत कुठलं कशात घातलंत?"

गोटीराम तिच्याकडे नवलानं पाहत राहिले. "कुठलं कशात म्हणजे? ताई, मी आयुष्यभर बुशिंगं टर्न केली, दांड्यावर बसायची कडी. हजार बुशिंगं, हजार दांडे, अन् कुठलंबी कुठंबी बसलं पाहिजे, तर माल पास. माप एकच होतं तिघांचं. सगळी बरोब्बर बसली!" बोलता बोलता त्यांचं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे गेलं, मग हर्षालीच्या हातातल्या गाठोड्याकडे. "का? काय झालं?"

रोहित पाणी आणायला वळला. शेवटी हर्षालीनंच सांगितलं, साधं, थोडक्यात. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्यामुळं हिला चोर म्हणतील?"

"अजून नाही," सरिता म्हणाली. "तीन जॅकेटं होती. एक हर्षालीच्या नावाचं, त्यात जुन्या फोनचं कार्ड निघालं."

"ते रोहितच्या आईचं," गोटीराम पुटपुटले. "ड्रॉवरातलं. बिगरचिठ्ठीच्या टोपीत होतं."

"बिनचिठ्ठीचं जॅकेट आत्ता कुठे आहे?"

रोहित धावत जाऊन घेऊन आला. सरितानं आतलं कार्ड स्पिरिटनं साफ केलं, सोबत आणलेल्या लॅपटॉपला लावलं. पडद्यावर पाळणा आला, फुगे आले, काजळाची तीट लावलेलं बाळ आलं.

"रुद्रचं बारसं!" रोहित म्हणाला. "पण हे तर मी रवीबरोबर सायखेड्याला पाठवलं."

"तू जॅकेट पाठवलंस," सरिता म्हणाली. "तीन कार्डं, त्यातली दोन आपल्या हातात आहेत. येवल्याचा माग सायखेड्याला गेलाय. लाव फोन."

५

सायखेड्याचे लहानू गायखे, बाळाचे आजोबा, पहिल्या रिंगला सापडले.

"बरं झालं तुम्हीच फोन केला, फोटोवाले! आज पाव्हणे जमलेत बारसं बघायला. टीव्हीला जोडलंय, पण चित्र काय येत नाय. टीव्ही म्हणतोय, कार्ड खराब हाय, फॉरमॅट करू का? सून म्हणती, करून टाका, म्हंजी चालू होईल. दाबू का?"

"नको!" तिघं एकदम ओरडली.

"आँ? आवाज कटतोय तुमचा. दाबतो—"

फोन कट झाला.

रोहितनं पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. हर्षालीनं डोळे मिटून घेतले. गोटीराम देवघराच्या दिशेनं बघत उभे राहिले. पाचव्यांदा रिंग गेली, आणि एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"कोण? मी भागीबाई बोलतेय, रुद्रची आजी. दाबायचं का काय ते मला सांगा, ह्यांना काय कळत नाय."

"आजी, दाबलं का कोणी?" सरितानं विचारलं.

"कोण दाबतंय! मी टीव्हीचा प्लगच उपटला. माझ्या नातवाचं बारसं हाय त्यात. खराब हाय का बरं हाय, ते मशीन ठरवणार व्हय? कार्ड काढून कनवटीला लावलंय मी."

सरिता इतक्या जोरात हसली, की शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं.

सातपूर ते सायखेडा दीड तास लागला, कारण द्वारका चौकात नेहमीचंच झालं. गोटीराम हट्टानं मागच्या सीटवर बसून आले. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

"टीव्हीला का दिसलं नाय ते?"

"तुमच्या तेलानं, आबा. ज्या कार्डावर तेलात हळद-कुंकू जास्त साचलं, त्याच्या पट्ट्यांना विजेचा स्पर्शच होत नाही. टीव्हीला वाटतं कार्ड मेलं. मेलेलं नसतं. तोंडात लाडू असला की बोलता येत नाही, तसं."

भागीबाईंच्या ओसरीवर पाहुण्यांचं कोंडाळं जमलं. सरितानं कार्ड पांढऱ्या कागदावर ठेवलं. काडी, स्पिरिट. पिवळं, लाल, पुन्हा पिवळं. चौथी काडी स्वच्छ निघाली. तिनं पाच मिनिटं ते सुकू दिलं. त्या पाच मिनिटांत कोणी चहाचा कपही उचलला नाही. मग तिनं जॅकेटच्या कडेचं बारीक बटण खाली सरकवलं, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही, आणि कार्ड लॅपटॉपला लावलं.

एक क्षण काहीच नाही.

मग खालच्या कोपऱ्यात आकडा उमटला: एक हजार एकशे सेहेचाळीस. आणि पहिलाच फोटो उघडला. खड्ड्यात पाय सोडून बसलेली हर्षाली, समोर रेशमाच्या उभ्या धाग्यांचा हिरवा ताणा, बोटांत रंगीत धागे गुंडाळलेल्या बारक्या तिल्ल्या.

"अगं बाई," भागीबाई म्हणाल्या, "ही तर तू!"

सरितानं आधी सगळ्याच्या दोन कॉपी केल्या. मग भागीबाईंना त्यांचं खरं कार्ड दिलं. अडीच वाजून गेले होते.

६

चार वाजता गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात समितीचे तिघे लांब टेबलामागे बसले होते. पैठणी मध्ये पसरली होती. दिनेशशेठ पांढऱ्या सफारीत आधीच हजर होते. लॅपटॉप बघून त्यांचं हसू किंचित आखडलं, पण तुटलं नाही.

फोटो एकामागून एक पडद्यावर गेले. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. काठ वाढत गेला. पदर सुरू झाला. समितीच्या अध्यक्षा, केस पांढरे झालेल्या एक बाई, प्रत्येक फोटोखालची तारीख लिहून घेत होत्या.

"एक विचारू?" दिनेशशेठ म्हणाले. "हाच तो कॅमेरा ना? रवी म्हणत होता, याची तारीख चुकतेय. जरा चालू करा." रोहितनं केला. "बघा मॅडम. आज ऑक्टोबर आहे, कॅमेऱ्यात जानेवारी आहे. ज्याचं घड्याळच खोटं, त्याच्या तारखांवर काय विश्वास? माझ्या कारखान्यातली साडी मागावर घालून, दोन दिवसांत बसून फोटो काढले असतील."

सभागृहात कुजबुज झाली. सरिता उठली.

"घड्याळ बुधवारी शून्यावर गेलं. तारीख फोटो काढला त्याच क्षणी फोटोत लिहिली जाते. नंतर घड्याळ बिघडलं तरी जुन्या फोटोतली तारीख बदलत नाही. आणि शेठ, विणून झालेली साडी मागावर घालून अर्धी कशी दाखवायची, तेवढं सांगा. हिच्या पहिल्या फोटोत एकच वीत विणलेली आहे."

"फोटोत काहीही करता येतं हल्ली," शेठ म्हणाले.

अध्यक्षा बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पटलेल्या दिसत नव्हत्या, न पटलेल्याही नाही. तेव्हा हर्षाली खुर्चीतून उठली.

"फोटो राहू द्या थोडा वेळ," ती म्हणाली. "मॅडम, मी शेठना एकच विचारते. ही साडी विणताना एकदा उसवावी लागली होती. कुठे?"

शेठ हसले. "साडी म्हटलं की दहा ठिकाणी उसवतं, बाई."

"दहा नाही. एकदाच. कुठे?"

"कारागिरांना माहीत असणार. मी मालक आहे, मागावर मी बसत नाही."

"मग लावा फोन कारागिराला," अध्यक्षा बाई म्हणाल्या. "आत्ता. इथे, स्पीकरवर."

शेठनी खिशातून मोबाइल काढला. त्यावर अंगठा फिरवला. मग तो परत खिशात ठेवला.

हर्षाली साडीपाशी गेली. तिनं डोळे मिटले आणि तळहात पदरावर ठेवला. बोटं एका मोरावरून दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर थांबली, थोडी मागे आली.

"इथे. खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा मोर, मान. निळ्या रेशमाची लडी संपली. नवी आणली ती एक छटा गडद निघाली. डोळ्याला दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं. मी चार बोटं उसवून पुन्हा विणली. गळ्याच्या मागे दोन धाग्यांचा जोड आहे, हाताला लागतो."

अध्यक्षा बाई उठून आल्या. त्यांनी स्वतः बोट फिरवलं, मग भिंग मागवलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "सहाव्या फेरीचे फोटो लावा."

रोहितनं लावले. सातशे दहा, सातशे अकरा, सातशे बारा. पडदाभर हर्षालीचे हात आले. खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा मोर. त्याला मान नव्हती. चिमटीत सुटलेला निळा धागा, आणि पुढच्या फोटोत, धागा ओढताना दाताखाली दाबलेला ओठ.

सभागृहात पहिली टाळी कोणी वाजवली, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. सरिताच्या मते ती गोटीरामांची होती. ते नाही म्हणत होते, पण टोपी हातात घेऊन रडत होते.

दिनेशशेठ उठले. "कारखान्यात काम आहे," असं काहीतरी म्हणाले.

"बसा," अध्यक्षा बाई म्हणाल्या. "खोट्या तक्रारीचं पत्र तुम्ही स्वतःच्या सहीनं दिलंय. मागेही घ्याल ते सहीनंच. आणि त्यात या बाईंना उद्देशून दोन ओळी माफीच्या लिहाल."

त्यांनी लिहिल्या. हर्षालीनं वाचल्या, एका शब्दावर बोट ठेवलं. "'कदाचित' खोडा," ती म्हणाली. त्यांनी तो खोडला.

मग अध्यक्षा बाईंनी समितीची वही उघडली. निकालात हीच साडी पहिली आली होती, पण 'विणकर' या शब्दापुढची जागा तक्रार आल्यापासून कोरी ठेवली होती. त्यांनी तिथे हर्षाली दिवटे असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत वही तिच्यापुढे धरली, आणि यंदाचा सुवर्णधोटा याच नावावर जातोय हे उभं राहून जाहीर केलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन तिरपं झालं होतं. हर्षालीनं येवल्याला नवऱ्याला फोन लावला. पलीकडून अमित एवढ्या मोठ्यानं ओरडला, की रोहितलाही ऐकू गेलं.

"हो, हो, मिळाला. माझ्याच नावावर," ती म्हणाली आणि हसायला लागली. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. "ओरडू नकोस, ऐक. पेढे मी घेऊन येते. तू माग झाड, आणि जांभळा ताणा काढून ठेव. उद्या सकाळी बसायचंय मला."

मग तिनं पैठणीचं गाठोडं सोडलं आणि पदर उलगडून तिथेच, भर पायऱ्यांवर, खांद्यावर घेतला. बाजूनं जाणाऱ्या दोन कॉलेजातल्या मुली थबकल्या.

"किती सुंदर! कुठून घेतली हो?" एकीनं विचारलं.

"घेतली नाही," हर्षाली म्हणाली. "मी विणली."